मागच्या खोलीचं दार

"अहो, दार पुन्हा अडकलंय," बायको अंगणातून म्हणाली.

मिस्त्रींनी हातातली फळी खाली न ठेवताच उत्तर दिलं, "ढकल जरा जोरात."

"मघापासून ढकलतेय. पोरं आत झोपलीत."

हे दुसरं वाक्य ती पहिल्यापेक्षा हळू बोलली. बायको चिडली की मोठ्यानं बोलते आणि घाबरली की हळू, एवढं मिस्त्रींना इतक्या वर्षांच्या संसारात समजलं होतं. तरी त्यांनी आधी रंधा उचलला. दार अडकलं की रंधा, हा त्यांच्या हाताचा गुण होता आणि तोच पुढे अंगाशी आला.

गल्लीत त्यांना तोंडावर मिस्त्री म्हणत आणि पाठीमागे काटकोन. हा माणूस कुणाकडेही गेला की बसायच्या आधी भिंतीवरचा फोटो सरळ करणार. मुलीच्या सासरी पहिल्यांदा गेले, तेव्हा व्याह्यांच्या देखत वाकून त्यांच्या डुगडुगत्या टेबलाखाली कागदाची घडी सरकवून आले. व्याही हसले, विहीणबाई हसल्या नाहीत, आणि मुलगी पुढे महिनाभर बापाशी धड बोलली नाही. मिस्त्रींना आपलं काय चुकलं ते आजही कळलेलं नाही. टेबल डुगडुगत होतं, हे खरंच होतं ना?

मुलगी सासरी गेली आणि घर खायला उठलं. तेव्हा बायकोनं शेजारणीचं एक तान्हं पोर दिवसभर सांभाळायला घेतलं. एकाची दोन झाली, दोनाची चार, आणि बघता बघता अर्ध्या गल्लीची पोरं तिच्या अंगाखांद्यावर आली. पोरं मावशी म्हणायची, म्हणून त्यांचे आईबापही मावशीच म्हणायला लागले. पुढची खोली म्हणजे मिस्त्रींचं दुकान, तिथे करवती आणि पटाश्या पसरलेल्या. पोरांना वेगळी जागा हवीच होती. मग घरामागच्या मोकळ्या जागेत एक खोली उठवली आणि तिला मिस्त्रींनी आपल्या हातचं सगळ्यात देखणं दार बसवलं. सागवानी, चार मोठ्या चौकोनांचं, आणि अख्ख्या दाराला एक खिळा नाही. फळ्या सगळ्या खाचेत बसवलेल्या. गिऱ्हाईक आलं की मिस्त्री आधी त्याला हे दार दाखवायचे आणि मग भाव सांगायचे.

ते दार पहिल्यांदा घासायला लागलं वरच्या कोपऱ्यात. "ओल धरलीय हवेनं, लाकूड फुगलंय," असं म्हणून मिस्त्रींनी तेवढाच कोपरा तासला. आता गंमत बघा. हेच दुसऱ्याच्या घरी झालं असतं, तर मिस्त्रींनी घरमालकाला उभं आडवं घेतलं असतं. "लाकूड फुगलं तर कडेनं सगळीकडे घासेल, साहेब. एकाच कोपऱ्यात घासतंय म्हणजे चौकट तिरपी झालीय, आणि चौकट तिरपी झाली म्हणजे भिंत कुठे तरी बसतेय. मला कशाला बोलावता? गवंड्याला बोलवा!" असं ते कितीतरी जणांना सुनावून आले होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण कुणी तरी मिस्त्रींसारख्याच कुणाला बघून केली असणार.

पुढे दाराची कडी कोयंड्यात बसेना. मिस्त्रींनी कोयंडा बोटभर खाली ठोकला. पोरांचा चेंडू कुठूनही सोडला तरी त्याच एका कोपऱ्यात जाऊन थांबायला लागला. पोरं टाळ्या पिटायची, मावशीही आधी हसली, मग हसायची थांबली. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून एक भेग निघाली आणि विटांच्या सांध्यासांध्यानं पायऱ्या उतरावी तशी तिरपी खाली गेली. मिस्त्रींनी भुसा आणि सरस कालवून ती भरली, वर रंग मारला. पुन्हा उघडली, पुन्हा भरली. हातात कला असली की माणूस दुखणं बरं करायच्या ऐवजी झाकत बसतो, दुसरं काय!

"गवंडीदादांना एकदा दाखवू या का?" बायकोनं विचारलं होतं.

"माझ्या दारात गवंडी काय बघणार?" मिस्त्रींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या, आणि विषय तिथेच मिटला होता.

तर आता मिस्त्री रंधा घेऊन मागे गेले. बायको दूध तापवायला बाहेर आली होती, मागे वाऱ्यानं दार आपटलं आणि घट्ट बसलं ते बसलंच. मिस्त्रींनी हातानं लोटून पाहिलं, हललं नाही. मग रंधा खाली ठेवला आणि खांदा लावून एक धक्का दिला.

दार जागचं हललं नाही. पण वरून काही तरी कोरडं, बारीक, त्यांच्या मानेवर पडलं आणि सदऱ्यात शिरलं. वाळू. त्यांनी वर पाहिलं.

चौकटीचं वरचं लाकूड वाकलं होतं. फार नाही. परक्या माणसाला ते दिसलंही नसतं. पण मिस्त्रींची नजर केसभर फरक पकडायची. चौकटीवर कधी भिंतीचा भार नसतो, तो वर तुळईवर असतो. चौकट फक्त दार धरायला असते. तिचं लाकूड खाली वाकलं म्हणजे वरची तुळई एका बाजूनं बसली होती, भार चौकटीवर आला होता आणि चौकट दारावर टेकली होती. म्हणजे त्या घटकेला भिंत दाराच्या टेकूवर उभी होती, आणि ते दार मिस्त्री खांदा मारून उघडायला निघाले होते.

त्यांनी दोन्ही हात दारावरून काढून घेतले, तव्यावरून काढावेत तसे.

"काय झालं?" बायकोनं विचारलं.

"मागे हो."

"अहो पण पोरं..."

"मागे हो म्हणतो ना! दाराला हात लावू नकोस. कुणी हात लावायचा नाही."

मग त्यांनी तिला सांगितलं. जेवढं सांगता येईल तेवढं, आवाज खाली ठेवून. ऐकताना तिनं एक हात तोंडावर घेतला आणि दुसऱ्या हातानं भिंतीला धरायला गेली, आणि मध्येच तो हात तिनं मागे ओढला.

"खिडकीतून काढू," ती म्हणाली.

खिडकीला लोखंडी गज होते. पोरं चढून पडतील म्हणून मिस्त्रींनीच ते भिंतीत खोल रोवून घेतले होते, आणि खिडकी होती नेमकी त्या भेगाळलेल्या मागच्या भिंतीत. तिथे पहार लावायची म्हणजे आपल्या हातानं भिंत पाडायची.

"मग फोडा दार. कुऱ्हाड आणते."

"दार फोडलं तर वरचं सगळं खाली येईल. आधी गवंड्याला फोन कर. लोखंडी टेकू घेऊन धावत ये म्हणावं, असशील तसा."

ती फोनकडे पळाली. मिस्त्री दारासमोर गुडघ्यावर बसले. आपणच केलेलं दार, त्याची शीर न् शीर ठाऊक. उभ्या आणि आडव्या जाड पट्ट्यांनी भार घेतला होता. मधल्या चौकोनातल्या फळ्या नुसत्या भरीच्या. खालच्या चौकोनातली फळी तेवढी काढली आणि पट्ट्यांना धक्का लागला नाही, तर टेकू तसाच राहील आणि एक पोर सरपटत बाहेर येईल एवढी वाट होईल. ही फळी दुसऱ्या कुणा सुतारानं बसवली असती तर पट्टी ठोकून बसवली असती, चार खिळे उपटले की निघाली असती. पण हे काटकोनाचं दार! खाचेत रुतलेली फळी कापल्याशिवाय निघणार नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा मिस्त्रींना आपल्या कारागिरीचा मनापासून संताप आला.

मशीन लावायची सोय नव्हती. तिचा हादरा कुठवर जाईल कुणास ठाऊक. त्यांनी हातानं फिरवायचं गिरमिट आणलं, फळीच्या कोपऱ्यात भोक पाडलं, त्यात निमुळती करवत घातली आणि कापायला सुरुवात केली. प्रत्येक ओढीला वरून वाळू झरत होती. ते थांबले की झरायची थांबायची. हे तर आणखीच वाईट होतं, कारण वाळू त्यांच्याच हातानं पडतेय यात शंका उरत नव्हती. भराभर कापावं तर हादरा, हळू कापावं तर वेळ जातो. ते एक ओढ मारायचे, वर बघायचे, मग पुढची.

आत एक पोर उठलं आणि रडायला लागलं. मग दुसरं.

बायको परत आली होती. ती जमिनीवर पालथी पडली आणि दाराच्या फटीला तोंड लावून म्हणाली, "अगं बाई, कोण रडतंय? उठलात का रे सगळे? आज मावशीनं एक गंमत केलीय. आज दारातून नाही यायचं, बोगद्यातून यायचं!" आवाजात इतकं हसू होतं, की मिस्त्रींनी चमकून तिच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि आवाज हसत होता. "पण आधी सगळ्यांनी त्या मोठ्या पेटीपाशी जाऊन बसायचं. दाराजवळ यायचं नाही. जो दाराजवळ येईल तो आउट."

फळी सुटली. मिस्त्रींनी ती आवाज न करता बाहेर ओढली. अंधुक उजेडात पोरांचे पाय दिसले, पण पुढे कुणीच येईना. झोपेतून उठलेली पोरं ती, त्यांना ते भोक बघून आणखीच रडू फुटलं.

"मी आत जाते," बायको म्हणाली.

"तू नको."

"मग कोण? तुमचे खांदे मावतात का यात?"

मावत नव्हते. त्यांनी वाकून पाहिलं होतं आधीच. ती पदर खोचून पोटावर सरपटत आत गेली. तिचे पाय दिसेनासे झाले तेव्हा मिस्त्रींना वाटलं, तिला ओढून घ्यावं बाहेर, पोरं कुणाची का असेनात. असं वाटलं, हे खरं आहे. माणूस वाईट नव्हता, घाबरला होता.

पहिलं पोर आलं, मग दुसरं. मिस्त्री बगलेत हात घालून एकेकाला बाहेर घेत होते आणि अंगणापलीकडच्या कट्ट्याकडे पिटाळत होते. एक पोर बाहेर आलं आणि माझी चप्पल राहिली म्हणून पुन्हा आत निघालं. त्याला त्यांनी असं काही ओढलं की ते भोकाडच पसरून बसलं.

"अहो," आतून आवाज आला. हळू. "भिंत आणि फरशीच्या मध्ये माझा हात जातोय."

"बघत बसू नकोस! पोरं दे!"

"झाली सगळी. बाळ राहिलंय. पाळणा कोपऱ्यात सरकलाय."

तोच कोपरा. चेंडू जायचा तो. वरून वाळूच्या जागी आता गिलाव्याचे कपचे पडत होते. आत पाळण्याची साखळी वाजली. मग काहीच नाही. त्यांनी आयुष्यात देवाकडे फारसं काही मागितलं नव्हतं, आता काय मागावं तेही सुचेना. नुसतं दाराच्या पट्टीला कपाळ टेकून ते म्हणत राहिले, "थांब. थांब. थांब." दाराला म्हणत होते की भिंतीला, त्यांनाही सांगता आलं नसतं.

दुपट्यात गुंडाळलेलं बाळ भोकातून बाहेर आलं, आणि त्याच्यामागे बायकोचे हात, मग डोकं. खांद्यापर्यंत आली आणि अडकली. साडी आत कशात तरी गुंतली होती. मिस्त्रींनी बाळ जमिनीवर ठेवलं, तिचे दोन्ही दंड धरले आणि ओढलं. साडी टरकली. ती बाहेर आली. बाळाला घेऊन दोघं कट्ट्यापर्यंत धावली आणि तिथे पोचल्यावर तिनं आधी पोरं मोजली.

गवंडी आला तेव्हा मागचा कोपरा गेला. फार मोठा आवाज नाही झाला. विटा भरलेली गाडी रिकामी करावी तेवढाच. धूळ बसल्यावर पाहिलं, तर खिडकीचे गज वाकून बाहेर लोंबत होते आणि पाळण्याच्या जागी विटांचा ढीग होता. मावशी आता मोठ्यानं रडायला लागली, कुणाची पर्वा न करता.

गवंडी जुना दोस्त. खोली त्यानंच बांधलेली. त्यानं उरलेल्या भिंतींना टेकू दिले, सगळ्यांना लांब उभं केलं आणि मग ढासळलेल्या कोपऱ्यापाशी जाऊन बाहेरून कुदळ मारली. पहिली वीतभर माती चांगली होती. मग कुदळ आत गेली ती गेलीच. त्यानं उपसून काढलं ते काळं, चिकट, ओलं गच्च होतं आणि त्याला आंबूस वास येत होता.

"हे काय भरलंय खाली?"

मिस्त्री पुढे झाले. त्यांनी मूठभर उचललं आणि बोटांनी चुरडलं. कुजलं तरी त्यांना ते ओळखू आलं. रंध्याखालून निघालेली सालपटं होती. भुसा, ढलपे, फळ्यांचे तुकडे. घरामागे पूर्वी मोठा खड्डा होता. दुकानातला केर बायको रोज संध्याकाळी त्यात लोटायची. वर्षानुवर्षं लोटला. खड्डा भरला, वर माती पसरली, पावलांनी ती घट्ट झाली, आणि ती जागा मोकळी आहे एवढंच दोघांच्या लक्षात राहिलं. लपवायचं काही नव्हतं. हे कुणाला सांगण्यासारखं आहे, असंच कधी वाटलं नव्हतं.

"मला बोलायचंत तरी एकदा," गवंडी म्हणाला. "मी वीतभर खणलं, वर घट्ट माती लागली, आणि म्हटलं मिस्त्रींची जागा आहे, यात काय तपासायचं? दुसऱ्या कुणाची असती तर कंबरभर खणल्याशिवाय पाया भरला नसता मी." मग त्यानं भिंतीलगतच्या नळाकडे बोट दाखवलं. पोरांचे हातपाय धुवायला मिस्त्रींनी तो मागाहून बसवला होता. "आणि हे पाणी. रोज इथेच मुरत होतं ना? लाकूड कोरडं असतं तर आणखी काही वर्षं ढकलली असती. पुढचं घर कठीण जमिनीवर आहे, ते जागचं हललं नाही. ही खोली मात्र खड्ड्याच्या बाजूला झुकत राहिली."

मिस्त्री ऐकत होते. भरावाची मूठ हातात तशीच होती.

एव्हाना बातमी गल्लीभर झाली होती. आईबाप धावत येत होते, आपापलं पोर चाचपून पाहत होते. "दार अडकलं होतं, काढलीत सगळी सुखरूप," असं मिस्त्री एका बापाला सांगायला लागले, तर बायकोनं त्यांना मध्येच तोडलं. "नुसतं दार नाही अडकलं," ती त्या बापाला म्हणाली. "खोली पडली. पोरं आत होती. दार महिनोन् महिने सांगत होतं आणि आम्ही ऐकलं नाही." येणाऱ्या प्रत्येकाला तिनं हेच सांगितलं. कुणी तिचे हात धरले, कुणी एक शब्द न बोलता पोराला उचलून निघून गेलं. निघून गेलेल्यांकडे ती बघत राहायची, पण पुढच्याला पुन्हा तेच सांगायची. उद्या पोरं येतील का, हे तिनं कुणालाच विचारलं नाही.

पाळण्यातल्या बाळाची आई शेवटी आली. दवाखान्यात कामाला होती, तशीच पांढऱ्या कोटात धावत आली होती. बाळ छातीशी धरून तिनं मावशीचं सगळं ऐकून घेतलं. रागावली नाही, रडली नाही. पुढे जाऊन गवंड्यानं खणलेल्या खड्ड्यात डोकावली आणि तिथेच उभी राहिली.

"मिस्त्री," ती म्हणाली, "हा भुसा आहे?"

"हो."

"आमची मागची खोली बांधली, तेव्हा जागा सखल होती. तुम्ही याचीच पोती दिली होतीत भरावाला."

मिस्त्रींना आठवलं. पोती त्यांनी स्वतः हातगाडीवरून पोचवली होती. दुकानातला पसारा जातोय म्हणून खूष होते. आणखी लागली तर सांगा, असंही म्हणाले होते.

"त्या खोलीत कोण असतं?"

"सासूबाई. त्या दुपारच्या दार लावून झोपतात. आत्ताही झोपल्या असतील." तिनं त्यांच्याकडे पाहिलं. "अडकत होतं ते दार. गेल्या आठवड्यात तुम्हीच तासून दिलंत ना?"

मिस्त्रींच्या हातातली मूठ सुटली. "उरलेले टेकू घे," ते गवंड्याला म्हणाले, आणि पायात चप्पल आहे की नाही हेही न बघता गल्लीत पळत सुटले. मागून बायको करवत घेऊन धावत होती.